आधी कापगते सर

घरी टीव्हीवर मारामारीचा सिनेमा लागला की मी आवाज बंद करते. मुलगा वैतागतो. "आई, काहून बंद केला? काहीच समजून नाही राहिलं!" "समजायला काय आहे त्यात? पाय बघ त्याचे," मी म्हणते, आणि माझं मलाच हसू येतं. ही खोड माझी नाही. ती कापगते सरांची, आणि अशा खोडी संसर्गाने लागतात.

सदाशिव कापगते सर आसगावच्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे, मी मराठी. मी पवनीहून स्कूटीवर ये-जा करायची, सर गावचेच. बुटके, रुंद, चालताना जरासे पुढे झुकलेले. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मिशी मात्र काळी कुळकुळीत. मिशीला कलप लावायचे, केसांना नाही. मी एकदा धीर करून कारण विचारलं तर म्हणाले, "केस मागून दिसतेत मॅडम. मागून पाहणाऱ्याची आपल्याले काय फिकर?"

तरुणपणी नागपुरात राहून ते कराटे शिकले होते. गावात आल्यावर शाळेच्या मैदानावर त्यांनी वर्ग सुरू केला, आणि पाऊस असो की थंडी, तो कधी बंद पडला नाही. त्यांचं दुसरं वेड म्हणजे मारधाडीचे सिनेमे. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी त्यांचा मोबाईल उघडायचा. पाण्याच्या तांब्याला टेकवून तो उभा करायचे, आवाज पूर्ण बंद करायचे, आणि भाजी थंड होईस्तोवर बघत बसायचे. आवाज का बंद, तर म्हणायचे, "ढिशुम ऐकू आलं का डोळा आंधळा होते. कान सांगते लागलं, अन् डोळा मानते. बंद करून पाहा, मंग समजते कोणाले लागलं अन् कोणाले नाही."

हिरोकडे त्यांचं लक्षच नसायचं. ते बघायचे मार खाणाऱ्यांकडे. "हा पाहा, लाल बनियानवाला. मघाशी पायरीवरून पडून मेला होता. आता टोपी घालून पुन्हा आला. मेहनती पोट्टा आहे." असे कितीतरी लाल बनियानवाले त्यांच्या ओळखीचे झाले होते. त्यांची नावं सरांना माहीत नव्हती, पण कोण डाव्या खांद्यावर पडतो आणि कोण पाठ वाचवतो, हे पक्कं ठाऊक असायचं. हिरॉइन हिरोची कोण लागते हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळत नसे.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शाळेतले काही जण भंडाऱ्याला असाच एक परदेशी मारधाडपट बघायला गेलो. गोष्ट म्हटली तर एवढीच की हिरोला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायचं असतं आणि लिफ्ट बंद असते. प्रत्येक जिन्यात गुंड. थिएटरमध्ये नुसता कल्ला चालला होता. मध्येच एक गुंड जिन्यावरून गडगडत खाली आला आणि सगळे हिरोसाठी शिट्ट्या मारत असताना सर उभे राहून त्या गुंडासाठी टाळ्या वाजवू लागले. मागचा माणूस ओरडला, "ओ काका, पार्टी चुकली तुमची!" सर बसले, पण टाळ्या थांबल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये निकाल लागला. सरांची रीत ठरलेली होती, चांगलं आधी आणि वाईट नंतर.

"चांगलं हे, की कॅमेरा हलला नाही. माणूस वरून सुटला थे जमिनीवर येईपर्यंत दिसला. आजकाल हात दाखवतेत, मंग तोंड दाखवतेत, अन् मंग पडलेला माणूस दाखवतेत. मधातलं पडणं कुठं गेलं? ही चोरी यायनं नाही केली. दुसरं चांगलं, हिरो थकला. कठड्याले धरून उभा राह्यला. थकणारा हिरो मले लय आवडते."

"आणि वाईट?"

"वाईट हे, की तिसऱ्या जिन्यानंतर मार हिरोले नाही, आपल्यालेच लागून राह्यला. किती पाहाव बाप्पा? भजे चांगले आहेत म्हणून कोणी परातभर खाते का? अन् दुसरं सांगू? एवढे माणसं पडले, एकाची तरी माय आली का धावत? कोणाच्या घरचं कोणीच नाही. मंग त्याले लागलं काय अन् नाही लागलं काय, आपल्याले काय त्याचं? गोष्ट कमजोर हाय."

मी म्हटलं, "सर, गोष्ट कमजोर आहे म्हणता, पण गोष्ट चालली होती तेव्हा तर तुम्ही बाहेर चहा पीत होतात."

"बाहेर जावंसं वाटलं ना? हाच त पुरावा हाय," ते म्हणाले.

हे नुसतं बघणाऱ्याचं ज्ञान नव्हतं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक हवंच. त्या नाटकांतल्या मारामाऱ्या बसवून द्यायला सरांना लांबलांबून बोलावणी यायची. आंधळगावचा किस्सा तर मी सरांकडून नाही, त्यांच्या बायकोकडून, वहिनींकडून ऐकला. तिथे खलनायकाचं काम गावातल्याच एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे होतं. मोठा माणूस, मान असलेला. तालमीत बिचारा नीट पडायचा. प्रत्यक्ष नाटकात समोर सगळं गाव बसलेलं बघून त्याला वाटलं, आपल्या गावात, आपल्या गिऱ्हाइकांसमोर आपण आडवं व्हायचं? लोक काय म्हणतील? हिरोने एक ठोसा मारला, दुसरा मारला, हा आपला छाती काढून उभा. हिरो रडकुंडीला आला. सर त्या नाटकात साधे एक गुंड होते आणि आधीच मरून पडले होते. ते मेलेल्यातून उठले, "मालक, सांभाळा!" म्हणत व्यापाऱ्याच्या पायांना मिठी मारली आणि त्याला घेऊन पुन्हा मेले. लोकांना वाटलं नाटकातच असं आहे. व्यापारी नंतर वर्षभर सरांशी बोलला नाही.

"बाहेर एवढे गुंडे पाडतेत, अन् घरी मांजर आडवी आली त रस्ता सोडतेत," वहिनी म्हणायच्या. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

पण एका बाबतीत ते कोणाचंच ऐकायचे नाहीत. कोणतीही उडी, कोणतंही पडणं, आधी ते स्वतः करून बघणार, मग दुसरा. नाटक असो की शाळेचं स्नेहसंमेलन. खाली तनीस पसरायची, म्हणजे धान झोडपून उरलेल्या लांब काड्या. ती हाताने फुलवायची. मग ज्याला पडायचंय त्याचेच कपडे अंगात घालून सर आधी पडणार, कारण "कपडे बी पडतेत, अन् कपडेच दगा देतेत." साठी जवळ आली तरी हा नियम सुटला नाही. पोरांनी त्याची म्हणच करून टाकली होती. शाळेत काही नवीन करायचं म्हटलं, अगदी नवा फळा टांगायचा असला, तरी कोणीतरी मागून ओरडायचं, "आधी कापगते सर!" हा नियम आला कुठून, हे मला कधी कळलं नाही. वहिनींच्या मते ती निव्वळ हौस होती.

सरांच्या वर्गातली सगळ्यात तयार मुलगी दुर्गा. आमच्याच शाळेतून शिकून पवनीच्या कॉलेजात गेली आणि पोलिस भरतीची तयारी करू लागली, तरी सकाळचा सरांचा वर्ग तिने सोडला नव्हता. उंच, काटक, आणि जिभेनेही तेवढीच चपळ. तिचे वडील तुळशीरामभाऊ यांची आसगावातच धानाची शेती. लेकीवर जीव, पण तिला लढताना बघणं त्यांच्याच्याने होत नसे. जिल्ह्याच्या स्पर्धेला ते तिच्यासोबत गेले आणि हॉलच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून शेंगदाणे खात बसले. "मले पाहावत नाही मॅडम," मला म्हणाले. "जिंकली का हरली थेवढं सांगा." दुर्गा जिंकली होती. पदक दाखवायला ती धावत बाहेर आली, तेव्हा तिच्या तोंडावर आनंदापेक्षा रागच जास्त होता.

तर अशात रोशनने सिनेमा काढायचं ठरवलं. रोशन आमचाच जुना विद्यार्थी. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि त्याने एक चांगला कॅमेरा घेतला होता. वैनगंगेची रेती चोरणाऱ्या टोळीला एक मुलगी एकटी बडवून काढते, अशी गोष्ट. नाव शेवटपर्यंत ठरलं नाही. गोष्ट एका दमात सांगून व्हायची आणि मारामाऱ्या संपता संपत नव्हत्या. नायिका दुर्गा, फाइट मास्तर अर्थातच सर. शेवटी नायिका चोरांच्या तावडीतून सुटून गच्चीवरून खाली झेप घेते, तो प्रसंग शाळेच्या जुन्या इमारतीच्या स्लॅबवर घ्यायचा ठरला.

दुर्गाचा सगळा जीव त्या झेपेत होता. "हातपाय तर कोणीबी हालवते मॅडम," ती मला म्हणाली होती. "ही उडी माही आहे. थेट पडद्यावर दिसन ना, तवा बाबाले पाहावंच लागन." दिवाळीपासून ती आधी बाकावरून, मग कंपाउंडच्या भिंतीवरून उड्या घेत होती. तुळशीरामभाऊंनी होकार दिला होता, पण एका अटीवर. "सर उड म्हणतीन त उडाचं. नाही म्हणतीन त खाली उतराचं. वाद नाही घालाचा."

डिसेंबरातला रविवार होता. रोशनच्या मित्रांनी ट्रॅक्टरने तनीस आणून भिंतीखाली मोठा ढीग घातला होता. सर दुर्गाचा हिरवा सलवार-कुडता घालून, ओढणी बांधून, नाटक कंपनीच्या पेटीतला वेणीचा टोप डोक्यावर चढवून आले. खाली ती काळीभोर मिशी. पोरांचे हसू दाबून गाल फुटायची वेळ आली. "हासून घ्या," सर म्हणाले. "मले पाहाचं हाय का ओढणी कुठं अटकते." मीही हसले. न हसणं शक्यच नव्हतं.

त्यांनी ढीग वरवर फुलवला, जिना चढून गेले, काठावर उभे राहिले आणि स्वतःला पुढे सोडून दिलं. हवेत ते इतके हलके दिसले की हे आपले कापगते सर आहेत हे क्षणभर मला पटेना. मग आवाज आला. तनिशीवर पडल्याचा आवाज मी पुष्कळदा ऐकला होता. हा तसा नव्हता. हा जमिनीचा आवाज होता.

आम्ही धावलो. सर उठून बसले होते. टोप बाजूला पडलेला. त्यांनी मूठभर तनीस उचलून डोळ्यांसमोर धरली आणि बोटांनी चोळली. काड्या बोटभरही लांब नव्हत्या.

"रोशन, हे कुठली आणली गा?"

"थ्रेशरची सर. आता हातानं कोण झोडपते?"

"ही तनीस नोहाय बाबू. कुटार झालं हे." लांब काड्या एकमेकींत गुंतून माणसाला वरच्या वर धरतात. यंत्रातून बारीक होऊन आलेल्या बाजूला सरकतात आणि माणूस थेट खाली जातो. हे सरांना कळत नव्हतं असं नाही. पण जन्मभर तनीस म्हणजे तनीस, तिच्यात खोलवर हात घालून बघायची वेळच कधी आली नव्हती. "ढीग पाह्यला मी, हात नाही घातला. माही चुकी."

"मग आता दुसरी आणू," दुर्गा म्हणाली. "पुढच्या रविवारी उडतो मी."

"तू नाही उडणार."

"काहून? तुम्ही उडले ना? तुम्हाले काही झालं का?"

उठायला म्हणून सरांनी भिंतीला हात लावला आणि तोंड पांढरं पडलं. पवनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन बरगड्या मोडल्या आहेत, आता उड्या बंद, कायमच्या. वहिनींनी दवाखान्यातच त्यांना फैलावर घेतलं. "रिटायर व्हायले आले, अन् पोरीचे कपडे घालून छपरावरून उड्या! लोकायले सांगू काय मी, पाय घसरला का सलवार?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

दुर्गाने मात्र सरांशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं साधं होतं, आणि मला ते पटतही होतं. सर आता उडू शकत नाहीत, आणि सरांच्या आधी कोणी उडायचं नाही. म्हणजे तिची उडी कधीच होणार नाही. "सरायचा नियम हाय, की माह्या पायातली बेडी हाय?" ती मला म्हणाली.

इकडे रोशनचा कॅमेरा त्या दिवशी चालूच होता. छपरावर, सरांच्या पाठीमागे. हिरवा कुडता, वेणी, आणि ती अप्रतिम झेप. मिशी समोरच्या बाजूला असल्यामुळे आली नव्हती, आणि फुगलेल्या कुडत्यात बुटका-उंच काही कळत नव्हतं. तीच दुर्गाची म्हणून टाकू का, असं तो सरांना विचारायला गेला तेव्हा मी तिथेच होते. सर संतापले. "पडलो मी अन् दाखवाचं तिले? जनमभर मी कोणाची चोरी पकडली मंग?" रोशन हळूच म्हणाला, "मंग सर, दुर्गा तयार हाय. शहरातून गाद्या आणतो, तुमच्याबिगर घेतो उडी." सर उठून बसायला गेले आणि बरगडी धरून पुन्हा उशीला टेकले. शेवटी म्हणाले, "टाक थे माहंच. पण पोट्टीले वर चढू नको देऊ." ज्या माणसाने आयुष्यभर पडद्यावरची लबाडी शोधली, त्याने एका पोरीच्या हाडांसाठी ती पदरात घेतली. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं, आणि फार प्रेमही वाटलं.

मे महिन्यात शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना चादरी लावून, भर दुपारी सिनेमा दाखवला. सगळं गाव आलं होतं. तुळशीरामभाऊ नेहमीप्रमाणे बाहेर. झेप आली आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणून गेला. सिनेमा संपल्यावर रोशनने माइक सरांपुढे धरला.

"चांगलं सांगतो," सर म्हणाले. "पोरायनं जीव लावून काम केलं. दुर्गाची लाथ साफ हाय, पाय जमिनीवरून उठते थे दिसते. गुंड्याची माय दाखवली, थे मले लय आवडलं. वाईट हे..." आणि ते थांबले.

तेवढ्यात तुळशीरामभाऊ आत आले. बाहेर लोकांनी त्यांचा हात हातात घेऊन त्यांना भंडावून सोडलं असणार. डोळे भरलेले. "सर, माही पोरगी म्हणे एवढ्या वरून उडाली? सगळे सांगून राह्यले."

सर खाली बघू लागले. दुर्गा पुढे आली. "नाही बाबा. मी नाही उडाली. थे सर होते. मले उडूच नाही देलं. तनीस खराब होती म्हणे."

रोशन कॅमेऱ्याच्या वायरी गोळा करायला लागला. तुळशीरामभाऊंनी एकदा सरांकडे, त्यांच्या बरगडीवर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं. मग लेकीकडे. "म्हणजे तुही उडी राह्यलीच," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर मी सरांना एकदाच पाहिलं. ते निवृत्त झाले, जूनमध्ये माझी बदली झाली, आणि पुढे ते मुलाकडे नागपूरला राहायला गेले. मी शाळेत कागदपत्रं न्यायला गेले होते. सकाळची वेळ. जुन्या इमारतीशी तुळशीरामभाऊंची बैलबंडी उभी होती, गच्च भरलेली. उन्हाळी धानाची एक आख्खी बांधी, म्हणजे बांधांमधला शेताचा तुकडा, त्यांनी मशीन न लावता हाताने कापली होती, आणि नवराबायकोने मिळून हाताने झोडपली होती. कंबरेएवढ्या लांब, पिवळ्याधमक काड्या. सर वाकून त्या पसरत होते, खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपत होते, आणि "अजून टाका, इकडे टाका," म्हणत होते.

"सर, तुम्ही त उडू नाही शकत," तुळशीरामभाऊ म्हणाले. "मंग पयले कोण?"

मग तुळशीरामभाऊंनीच बंडीतलं धानाचं पोतं पाठीवर घेतलं, धापा टाकत जिना चढले आणि वरून ते सोडून दिलं. पोतं तनिशीत अर्धं बुडालं आणि थांबलं. खाली येऊन त्यांनी पोत्याखाली हात घातला, जमीन लागत नाही याची खात्री केली, सरांनाही घालायला लावला. मग पोतं ओढून काढलं, सरांनी खळगा पुन्हा फुलवला, आणि तुळशीरामभाऊ वर बघून म्हणाले, "आता ये."

दुर्गा काठावर आली. मी तुळशीरामभाऊंकडे बघत होते. ते भिंतीकडे वळले नाहीत. मान वर करून, तोंड उघडं ठेवून उभे होते.

तिने स्वतःला सोडलं. तनीस खसखसली आणि ती दिसेनाशी झाली. मग केसांत काड्या, हसून हसून डोळ्यांत पाणी, अशी ती वर आली आणि इकडेतिकडे बघून एकदम ओरडली, "सर, रोशन कुठं हाय? कॅमेरा कुठं हाय?"

"कॅमेरा कायले पाहिजे?" सर म्हणाले. "तुह्या बापानं पाह्यलं ना."